एमओटीएच करावं का? बाबांच्या प्रश्नाला उत्तर हवंय

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

विदर्भातल्या एका सरकारी महाविद्यालयात बीओटीएच केलं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी. मराठीत व्यवसायोपचार, आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार. इंटर्नशिपचे दोन महिने उरलेत. पुण्यातल्या एका बालविकास केंद्रातली नोकरी जवळजवळ पक्की आहे. दुसरीकडे राज्याच्या सीईटी सेलची पीजीओ-सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन एमओटीएचला, म्हणजे याच विषयातल्या पदव्युत्तर पदवीला, जावं असं मनात आहे.

मागच्या आठवड्यात घरी गेले होते. आमची कापसाची शेती, धाकटा भाऊ बारावीला. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "साडेचार वर्षं शिकलीस, पेशंटला हात लावायला लागलीस. आता आणखी दोन वर्षं शिकून त्या माणसासाठी वेगळं काय करशील?" रागाने नाही, खरंच समजून घ्यायला विचारलं. मी पगार, प्राध्यापकी, परदेश असं काहीबाही बोलत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तुझ्यासाठी झालं. मी पेशंटचं विचारतोय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी एमओटीएच केलंय, ज्यांनी मुद्दाम केलं नाही, दोघांनीही लिहा.

---

आडवाटेवर

मी मुद्दाम न केलेल्यांपैकी. कोल्हापुरात नऊ वर्षं स्वतःचं क्लिनिक आहे. स्पष्ट सांगतो, पेशंट भिंतीवरची पदवी वाचत नाही, मुलगा चमचा धरायला लागला की नाही ते बघतो. मी सेन्सरी इंटिग्रेशनचे (स्पर्श, आवाज, हालचाल या संवेदनांवर काम करायच्या पद्धतीचे) अभ्यासक्रम केले, स्प्लिंटच्या (हाताला बांधायच्या आधाराच्या) कार्यशाळा केल्या, सुरुवातीची दोन वर्षं एका सीनियर मॅडमच्या हाताखाली राबलो. जे शिकलो ते तिथेच.

घरची परिस्थिती तू लिहिली आहेस. भावाची बारावी म्हणजे पुढच्या वर्षी त्याची फी. नोकरी हातात आहे तर घे. बाबांचा प्रश्न शंभर टक्के योग्य आहे.

---

भुईमूग

मी फिजिओवाला, तुमचा शेजारी. धाग्याचं नाव वाचून बायको म्हणाली, "ओटीचं काहीतरी आहे, तुझ्या ऑपरेशन थिएटरचं." लग्नाला सात वर्षं झाली आणि आमच्या डिपार्टमेंटच्या समोरच तुमचा ओटी विभाग आहे. :)

प्रश्नावर नंतर लिहितो, ओपीडी सुरू होतेय.

---

शब्दवेडा

अवांतर: 'व्यवसायोपचार' हा शब्द मला नेहमी खटकतो. व्यवसाय म्हटलं की लोकांना दुकान आठवतं. माझ्या आतेबहिणीने हा कोर्स घेतला तेव्हा आत्याला अख्ख्या वाड्याने विचारलं, "एमबीएसारखं का?"

---

माहीमची_खाडी

@शब्दवेडा, इंग्रजी 'ऑक्युपेशन'चा इथला अर्थ 'माणूस ज्यात गुंतलेला असतो ते' असा आहे. आंघोळ, स्वयंपाक, नोकरी, खेळ, पूजा, सगळंच त्यात आलं. आपल्याकडे आजी विचारायची ना, "काय उद्योग चाललाय?", त्यातला 'उद्योग' जास्त जवळचा. पण शासनदरबारी व्यवसायोपचार हेच नाव आहे, २००२च्या कायद्याने झालेल्या राज्य परिषदेच्या नावातही तेच.

आता @रानजाई. जरा मोठं लिहिते.

मी मुंबईत एमओटीएच केलं, न्यूरोमध्ये, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांत. पहिल्या वर्षी माझ्याकडे लालबागच्या एक काकू यायच्या. पक्षाघात, उजवी बाजू. तीन महिन्यांत हात छान सुधारला. हाताची कामं किती वेळात जमतात ते मोजणाऱ्या जेबसन-टेलर चाचणीत दर खेपेला वेळ कमी होत होता. ही चाचणी १९६९ची, अमेरिकेतली. तिच्यात जेवणाचा भाग असा की टेबलावर राजम्याचे दाणे ठेवायचे आणि चमच्याने एकेक उचलून डब्यात टाकायचे. काकू ते झटपट करायच्या. मी खूश.

एक दिवस त्यांची सून म्हणाली, "ताई, आई अजून आमच्याबरोबर जेवायला बसत नाहीत." मी चक्रावले. मग विभागातच डबा उघडायला लावला आणि समोर बसून पाहिलं. भात कालवता येत होता. बोटांनी गोळा करता येत होता. पण घास तोंडाजवळ नेल्यावर अंगठा मागून पुढे येतो आणि घास आत ढकलतो ना, तो अंगठा येत नव्हता. भात बोटांतून ओघळून पदरावर पडायचा. डाव्या हाताने जेवायचं त्यांना पटेना. म्हणून सगळ्यांची पानं उठली की स्वयंपाकघरात एकट्या बसून चमच्याने जेवायच्या. माझ्या फॉर्मवर त्यांच्या नावापुढे 'जेवण: स्वावलंबी' अशी नोंद होती, खाली माझी सही.

माझा थिसिस तिथून सुरू झाला. धडधाकट माणसं हाताने कशी जेवतात याचं रीतसर संमती घेऊन चित्रीकरण केलं, फ्रेम थांबवून थांबवून पाहिलं. कालवणं, गोळा करणं, बोटांच्या टोकांवर धरणं, मनगट न सांडता वळवणं, अंगठ्याने ढकलणं, असे टप्पे पाडले. मग सरावाची चढण ठरवली. आधी गुरगुट्या भात, तो आपोआप बांधला जातो. मग तूप-मीठ लावलेला मोकळा भात. मग वरणभात. शेवटी आमटी-भात, जो सगळ्यात अवघड. तीस पेशंट हवे होते, अठरा मिळाले. गाईडनी अठरांवर नेमकं काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही हे चार वेळा लिहून घेतलं.

बीओटीएचला मी चाचणी कशी घ्यायची ते शिकले होते. ही चाचणी या बाईसाठी मुळात योग्य आहे का, नसेल तर काय मोजायचं आणि ते कसं सिद्ध करायचं, हे मास्टर्सच्या दोन वर्षांत शिकले. तुझ्या बाबांना माझ्याकडून हे सांग.

---

चिंचबोर

वाचतेय. डोळ्यांत पाणी आलं. माझी आई शेवटची दोन वर्षं अशीच एकटी जेवायची. आम्हाला वाटायचं तिला भूक उशिरा लागते.

---

कातळशिल्प

मी या क्षेत्रातला नाही. रत्नागिरीजवळ राहतो. वडिलांना गणपतीच्या आधी पक्षाघात झाला, उजवाच हात. ते पण आमच्यात जेवायला बसत नाहीत, वरचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. खाडीताई, इथे ओटी कोणी नाही, फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात. आम्ही घरी काही करू शकतो का?

---

माहीमची_खाडी

@कातळशिल्प, आधी सांगा, पाणी पिताना किंवा जेवताना ठसका लागतो का? आवाज ओला, घोगरा होतो का? तसं असेल तर बाकी सगळं थांबवून डॉक्टरांना दाखवा, गिळण्याची तपासणी आधी.

तसं नसेल तर ताटाखाली ओलं फडकं घाला, ताट सरकत नाही. सपाट ताटाऐवजी उभ्या काठाची थाळी घ्या, घास काठाला टेकवून गोळा करता येतो. जमिनीवर नको, टेबलाशी बसवा, दोन्ही पाय टेकलेले, उजवा हात कोपरापर्यंत टेबलावर. सुरुवात गुरगुट्या भाताने, पहिले चार घासच हाताने, बाकी चमच्याने. दमल्यावर ओढून करू नका. आणि त्या वेळी घरातलं एक माणूस बरोबर जेवायला बसू दे, समोर नाही, शेजारी. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

आडवाटेवर

खाडीताई, सुंदर लिहिलंत. पण एक विचारतो. सुनेने सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं. डबा उघडून बघायला मास्टर्स लागत नाही. मीही पेशंटच्या घरी जाऊन बघतो.

---

माहीमची_खाडी

बरोबर, बघायला लागत नाही. पण बघितल्यावर मी एका काकूंपुरतं काहीतरी जमवलं असतं आणि ते माझ्याबरोबर राहिलं असतं. आता ते लिहून ठेवलंय, मोजून ठेवलंय, माझ्यामागून आलेल्या दोन विद्यार्थिनींनी त्याच्या पुढचं काम केलं.

---

जुनीवही

मी चौतीस वर्षं हा विषय शिकवला, आता निवृत्त. दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

पहिली, आपल्या विद्येची. भारतातली, आणि आशियातलीही, व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लुंडी. निंबकरांशी लग्न करून इथे आल्या, इथल्याच झाल्या. या विषयाचं शिक्षण घ्यायला त्या पुन्हा अमेरिकेत गेल्या तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. नंतर नागपूरचं केंद्र उभं करण्यातही त्यांचा हात होता. १९५२ साली व्यवसायोपचारकांची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता, तो त्यांच्यामुळे. फलटणला शेती संशोधन करणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव आणि इरावती कर्व्यांच्या कन्या जाई या त्यांच्या सूनबाई. एवढं मोठं घराणं आपल्या विषयामागे उभं आहे आणि पदवीच्या वर्गात हे नाव फारसं कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट. रानजाई, माझ्या हाताखालून जे पदव्युत्तर विद्यार्थी गेले त्यांत दोन तऱ्हा असत. एकाला विचारलं, विषय काय घेणार, की तो म्हणे, "सर, तुम्हीच द्या." दुसरा इंटर्नशिपमधून एखादा पेशंट डोक्यात घेऊन यायचा. दुसऱ्याची दोन वर्षं भुर्रकन जायची. पहिल्याची दोन वर्षं त्याला आणि मला दोघांनाही जड जायची. तुझ्या डोक्यात असा कोणी आहे का?

---

रानजाई

सर, तुमचा प्रश्न वाचून रात्रभर जागी आहे. आहे एक जण. नीट विचार करून लिहिते.

---

हिमरू

व्यावहारिक माहिती टाकतो, नंतर शोधणाऱ्यांना उपयोगी पडेल.

महाराष्ट्रात एमओटीएच नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. मुंबईत केईएम, सायन, नायर यांची महाविद्यालयं, नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ही जुनी ठिकाणं. हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, ती १९५५ची. राज्याबाहेर कटकजवळ ओलटपूरची राष्ट्रीय संस्था आणि कोलकात्याची राष्ट्रीय संस्था, यांची प्रवेश परीक्षा वेगळी. मणिपाल आणि वेल्लोर नावाजलेली.

महाविद्यालय निवडण्याआधी तिथे जाऊन ओपीडीत एक सकाळ बसा. मी असंच एका ठिकाणी गेलो, नाव घेत नाही. विभाग चकचकीत, साहित्य नवंकोरं, तीन तासांत पेशंट चार. दुसरीकडे भिंतीचा रंग उडालेला, स्प्लिंट गरम करायचा पाण्याचा टब चेपलेला, पण रांग जिन्यापर्यंत. मी दुसरं घेतलं. आणि ग्रंथालयात मागच्या पाच वर्षांचे प्रबंध चाळा. सगळ्यांची नावं एकसारखी असतील तर समजून जा.

---

भुईमूग

हिमरू +१. फिजिओलाही हेच लागू. आणि गाईड कोण आहे, त्याच्याकडे आधीच किती विद्यार्थी आहेत, हे विचारायला लाजू नका.

वेळापत्रकाचंही सांगतो. पहिल्या सहा महिन्यांत सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), मग एथिक्स कमिटी, मग क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदणी. माझं मराठी संमतीपत्र एथिक्स कमिटीने दोनदा परत पाठवलं. एका सदस्यांनी विचारलं, "हे वाक्य तुमच्या आजीला कळेल का?" मी घरी जाऊन खरंच आजीला वाचून दाखवलं. 'सहभागातून माघार घेण्याचा अधिकार' तिला कळेना. मी म्हटलं, "नको वाटलं तर केव्हाही येणं बंद करा, उपचार चालूच राहतील." ती म्हणाली, "मग असंच लिही की." तेच लिहिलं, मंजूर झालं.

---

निळावंती

इंग्लंडमधून. परदेशाचं थोडं सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज फार. इथे नोंदणी एचसीपीसी या नियामक संस्थेकडे. भारतातली पदवी धरून अर्ज करता येतो, ते तुमचा अभ्यासक्रम आणि अनुभव तपासतात. मी बीओटीएचवरच आले. पदवीच्या अभ्यासक्रमात किमान १००० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचं काम असावं असा जागतिक संघटनेचा निकष आहे, तेव्हा तासांच्या नोंदी, लॉगबुक, सह्या जपून ठेवा. अमेरिकेचं वेगळं. तिथल्या मुलांनाही २००७ पासून पदव्युत्तर शिक्षणाशिवाय या व्यवसायात शिरता येत नाही. बाहेरच्यांची पात्रता आधी एनबीसीओटी ही तिथली प्रमाणन संस्था तपासते, मग परीक्षा, मग त्या त्या राज्याचा परवाना. तिथे जायचं असेल तर एमओटीएचचा विचार आत्ताच करायला हवा.

आता खाडीताईंच्या राजम्यावरून आठवलेलं. इथे पेशंटला घरी सोडण्याआधी स्वयंपाकघरात नेऊन चहा करायला लावतात. किटली भरता येते का, बटण दाबता येतं का, गरम पाणी न सांडता ओतता येतं का, ते बघायचं. आमच्या वॉर्डात एक गुजराती आजी होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं. माझ्या सहकाऱ्याने लिहिलं, 'सूचना समजत नाहीत, मदत लागेल.' आजींनी किटलीला हातच लावला नव्हता, पातेलं शोधत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी पातेलं, आलं, चहाची पूड आणि दूध घेऊन गेले. आजींनी आलं ठेचलं, उकळी आली तशी आच कमी केली, दूध वर येण्याआधी बरोबर उचललं, आम्हा दोघींना गाळून दिलं. मी मूळ नोंदीखाली दुसरी नोंद केली आणि आजी आपल्या घरी गेल्या.

त्यानंतर मी इथे अर्धवेळ एमएससीला नाव घातलं. नोकरीला आठ वर्षं झाली होती. उशीर झाला असं मला वाटत नाही.

---

थालीपीठ

मानसिक आरोग्य या शाखेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या वर्षी ती जागा घेणारी मी एकटी. मुलांच्या केंद्रात पटकन काम मिळतं, म्हणून बहुतेकींनी पीडियाट्रिक्स घेतलं. त्यांना दोष नाही.

मला एका मनोरुग्णालयात पोस्टिंग होती. तिथल्या विभागात मेणबत्त्या, पाकिटं, विणकाम चालायचं. एक गृहस्थ रोज यायचे, खुर्चीत बसायचे, कशाला हात लावायचे नाहीत. फाइलमध्ये पानापानावर एकच शेरा, 'प्रेरणा नाही'. मीही तसंच लिहिलं असतं. पण त्याच महिन्यात आमच्या सेमिनारला किएलहॉफनर यांचं मॉडेल होतं, १९८०मध्ये मांडलेलं. त्यात माणसाच्या कामाकडे इच्छा, सवयी-भूमिका आणि क्षमता असं वेगवेगळं बघतात, सोबत भोवतालची परिस्थितीही धरतात. मी त्या चौकटीतून त्यांची मुलाखत घेतली. चौथ्या दिवशी बोलले. शिंपी होते. मेणबत्ती हे त्यांना पोराटोरांचं काम वाटत होतं.

मशीन मिळवायला तीन आठवडे लागले. सुया-कात्री वॉर्डात आणायची म्हणजे मोजून द्यायची, मोजून घ्यायची, नोंदवही वेगळी. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त मशीनला तेल घातलं आणि चिंधीवर पट्टा फिरवून पाहिला. महिनाभरात वॉर्डातल्या उशांचे अभ्रे शिवून झाले. नंतर माझ्या सदऱ्याचं सैल झालेलं बटण त्यांनी न विचारता लावून दिलं.

बीओटीएचला हे मॉडेल मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पेशंटसमोर वापरायला पीजीत शिकले, कारण तिथे एका पेशंटवर तासभर बोलायला लावतात आणि समोरचे प्रश्न विचारून भंडावून सोडतात.

---

चिंचबोर

मी पालक म्हणून लिहिते. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम. आतापर्यंत तीन ओटी झाल्या. पहिली एमओटीएच होती. झोके, बॉल, ब्रश, वर्षभर तेच. काय बदलतंय विचारलं की "धीर धरा" म्हणायची. दुसरी नुकतीच पास झालेली, फक्त बीओटीएच. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "घरात सगळ्यात अवघड वेळ कुठली?" मी म्हटलं, केस कापणं. तिने एक वही केली. कात्रीचा आवाज किती सेकंद सहन करतो, मानेवर टॉवेल किती सेकंद, अनोळखी हात किती सेकंद. दर आठवड्याला आकडे. सहा आठवड्यांत एक गोष्ट हलली नाही तर ती बंद करून दुसरी. पाचव्या महिन्यात आम्ही न्हाव्याकडे जाऊन आलो. न्हाव्यालाही तिने आधी जाऊन समजावलं होतं.

नंतर ती मास्टर्सला गेली. मी रडले, पण तिला म्हटलं, जा. तुझ्यासारखीनेच शिकायला हवं.

---

आडवाटेवर

चिंचबोर, तुमच्या पहिल्या अनुभवाबद्दल वाईट वाटलं. ती वही मात्र मी उद्यापासून क्लिनिकमध्ये सुरू करतो. मी प्रगती लिहितो ती शब्दांत, 'सुधारणा आहे' वगैरे. आकड्यांत लिहीत नाही.

रानजाई, माझं मत थोडं बदललंय, पूर्ण नाही. डोक्यात प्रश्न असेल तर जा. नसेल तर आधी वर्ष-दोन वर्षं काम कर, प्रश्न आपसूक येईल. मात्र कर्ज काढून भरमसाट फीच्या ठिकाणी जाऊ नकोस. सरकारी जागा मिळाली तर घे, नाहीतर पुण्याची नोकरी घे आणि पुढच्या वर्षी परत परीक्षा दे. भावाची फी हाही खरा प्रश्न आहे.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनीवही सरांनी विचारलेली व्यक्ती ही:

दिवाळीआधी आमच्या ओपीडीत एक मावशी यायच्या. मळणीयंत्रात उजवा हात गेला होता. शिरा जोडल्या, नस जोडली, मग आमच्याकडे. स्प्लिंट मीच बनवलं. चार महिन्यांत बोटं वळायला लागली, मुठीची ताकद डायनॅमोमीटरवर चांगली आली, चिमटीची पण. आम्ही लिहिलं, 'कामावर परत जाण्यास योग्य'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मावशींनी पेढे दिले.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. तर्जनी आणि मधल्या बोटाची टोकं रक्ताळलेली. वेचणीला गेल्या होत्या.

मी कापसाच्या घरातली, मला बघताक्षणी कळायला हवं होतं. कापूस वेचताना बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. बाई त्यांच्याकडे बघत नाही, बोटांच्या टोकांनाच ती कळतात. बोटं टोक चुकवून आत शिरतात, सरकी धरून एका झटक्यात कापूस बाहेर काढतात. मावशींच्या बोटांत ताकद आली होती, जाणीव आली नव्हती. टोचलेलं त्यांना कळतच नव्हतं. आणि त्या हळू झाल्या होत्या. वेचणीची मजुरी किलोवर मिळते.

मुठीची ताकद आम्ही किलोत मोजली. त्या दिवसाला किती किलो कापूस वेचतात हे कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही.

काल बाबांना फोन केला. म्हटलं, दोन वर्षांत मला हे शिकायचंय की असा हात वेचणीला केव्हा पाठवायचा, आधी काय शिकवायचं, बोटांना कसलं संरक्षण द्यायचं आणि जमलं की नाही हे कापसाच्या वजनावर कसं मोजायचं. बाबा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे समजलं मला. फॉर्म भर." पुण्याच्या केंद्राला कळवलंय की सीईटीचा निकाल लागेपर्यंत थांबता आलं तर थांबा.

---

माहीमची_खाडी

रानजाई!! हँड थेरपी कर गं. डोळे मिटवून नाणी, खडे, कापड ओळखायला लावतो तो जाणिवेचा सराव बोंडांवर करून बघता येईल, आधी टोकं बोथट केलेली बोंडं, मग तशीच. तुझी चढण तुझ्या शेतात तयार आहे.

---

कातळशिल्प

कळवायला आलो. ठसका नाही, डॉक्टरांना विचारून घेतलं. आज अकरावा दिवस. बाबा सहा घास हाताने खातात, अंगठा थोडा पुढे येतोय. काल रात्री आईने त्यांचं पान आमच्या पंगतीत मांडलं आणि ते येऊन बसले. भात सांडला, कोणी काही बोललं नाही. खाडीताई, तुमचे उपकार.

---

जुनीवही

रानजाई, विषय मिळाला. आता वेळेकडे लक्ष दे. वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते आणि संक्रांतीच्या पुढेमागे संपते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात तुला असे दोनच हंगाम मिळतील. पहिल्या हंगामात धडधाकट बायकांची वेचणी नुसती बघ आणि मोज. दुसऱ्या हंगामाच्या आधी एथिक्स कमिटीची मंजुरी हातात हवी, नाहीतर सगळं वर्ष वाया जाईल. जूनमध्ये पेरणीमुळे पेशंट येत नाहीत, तेही नमुना ठरवताना धर. सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा मला व्यनिने पाठव, मी वाचून देईन.

---

रानजाई

सर, पाठवते. बाबा विचारताहेत, आमच्या घरचा वजनकाटा चालेल का?

---

जुनीवही

चालेल. पण आधी वैधमापन खात्याचा मुदतीतला शिक्का त्यावर आहे का बघा, आणि वजन दर वेळी त्याच काट्यावर करा. बाबांना नमस्कार सांग.